आप्पा, दुसरी पोळी दिसली बरं!

श्टुटगार्ट, आखाजीनंतरचा मंगळवार



कुकर लावलाय, शिट्ट्या होईपर्यंत होईल तेवढं लिहिते.

आई, काल फोनवर तू चार वेळा विचारलंस, पोर पार काडी झाली, तिथे खायला मिळत नाही का? अगं, फोटोतला स्वेटर पुढच्या वर्षीही चालावा म्हणून मोठा घेतलाय. ओवी बरी खाते. काळजी करायचीच तर आप्पांची कर. आप्पा, आखाजीला व्हिडिओ कॉलवर छाती ठोकून सांगितलंत, "अर्धीच पोळी घेतली." फोन तांब्याला टेकवलेला होता आणि ताट अख्खं दिसत होतं. खापरावरची पोळी, तिच्या घडीखाली दुसरी घडी, शेजारी रसाचं पातेलं. मागून नाना, "इतलामा काय व्हस?" काय व्हस ते तीन महिन्यांच्या शुगरच्या रिपोर्टात दिसेलच.

मी पोळी बंद करा म्हणत नाही. वर्षाची आखाजी, तिला कोण उपाशी राहील? माझं भांडण पुढच्या आठवड्याशी आहे. उरलेली पोळी सकाळी दुधात, दुपारी तुपात, आणि तोंड गोड-गोड झालं म्हणून रात्री हायवेवर शेवभाजी. आजोबांच्या वेळी आखाजीला सालदाराचं नवं साल धरायचं, की दुसऱ्या दिवशी मालक-सालदार दोघेही ढेकळांत. तुमच्या वाट्याची ढेकळं आता ट्रॅक्टर फोडतो आणि तुम्ही ओट्यावर पत्ते पिसता. मग पुरणाने जायचं कुठे? पुरणात गूळ आहेच, रसात वरून साखर कशाला? आधी भाजी-वरण खा, मग पोळी. जेवण झालं की स्टेशनापर्यंत पायी जाऊन या, पत्ते कुठे पळत नाहीत. एरवी कळण्याची भाकरी नि भरीत आहेच. देशात १० कोटींवर लोकांना मधुमेह असल्याचं आयसीएमआरच्या २०२३ च्या पाहणीत निघालं. तुम्ही त्यात आहातच, आता आईला आग्रह करकरून रांगेत ओढू नका.

आमची आखाजी विचारू नका. इथे रविवार म्हणजे आवाज बंद, कायद्यानेच. ड्रिल नाही, गवत कापायचं मशीन नाही, काचेच्या रिकाम्या बाटल्यासुद्धा रस्त्यावरच्या डब्यात टाकायच्या नाहीत, खळ्ळकन वाजतात म्हणून. वर आमच्या बिल्डिंगची रोजची दुपारची सक्तीची शांतता. आणि आखाजी नेमकी रविवारी! जावईबापूंनी खलबत्त्याखाली टॉवेलांची गादी घातली आणि ठेचा कुटायला बसले. पाच-सहा ठोके पडले नसतील तोच खालच्या आजीबाई दारात. भिंतीला खिळे ठोकताय का? मी मिरची दाखवली. त्यांनी वाकून वास घेतला, दणकून शिंकल्या (हा आवाज चालतो), आणि नियम तो नियम म्हणून खाली गेल्या. मिक्सर तर त्याहून बोंबलतो. शेवटी मिरच्या सुरीने चिरल्या, पुरण चाळणीवर हाताने घासलं. चिरलेल्या ठेच्याची चव नानांना सांगू नका, वाळीत टाकतील.

एवढ्या गुपचूप आखाजी करवत नाही गं, आई. निंबावरचा झोका नाही, गौराईची गाणी नाहीत, झोक्यावरून पोरींची भांडणं नाहीत. सण माहेरवाशिणींचा आणि मी नॉनस्टिक तव्यावर तळहाताएवढ्या पोळ्या लाटतेय. पितरांच्या घागरीवर डांगर ठेवलं, आंबा ठेवला, सांजोरी ठेवली, आणि आजीचं नाव घेताना पुढचं बोलताच येईना. कांदा चिरत होते असं ओवीला सांगितलं.

आंब्याची पेटी २८ युरोंना. हिशेब करू नका, मी केला तर अडीच हजारांच्या वर गेला. एवढ्यात बारा आंबे, त्यातले दोन आतून काळे. रस पळी-पळीने वाढला, दुसरी वाटी कोणी मागितली नाही. जावईबापूंचं पोट कमी करायला डॉक्टरला जे जमलं नाही ते पेटीने केलं.

इथे पाकिटांवर खाण्याला ए ते ई मार्क देतात, ए हिरवा, ई लालभडक. ओवीने रंगीत कागद कापून तुझ्या पार्सललाच मार्क दिले. कळण्याच्या पिठाला ए, बिबड्या भाजल्या तर बी नि तळल्या तर डी, सांजोऱ्यांना ई. मग ई-वाल्या दोन उचलून पळाली. तूप मात्र पोचलं नाही. दुधातुपाचे जिन्नस बाहेरून टपालाने युरोपात आणायला बंदी आहे, ते जकातवाल्यांनी ठेवून घेतलं. पुन्हा पाठवू नकोस. दोंडाईच्याची मिरची पाठव.

दादाला एमआयडीसीत पर्मनंट केलं, छान झालं. पण पेढे वाटलेस ते आप्पांच्या हातून का? ताईच्या सासूबाईंनी कुरडया मोजून दिल्या, त्यात रुसण्यासारखं काय? त्या मीठही मोजूनच देतात. आणि बांध कोरल्याचं भांडण अर्धवट सांगून तू फोन ठेवलास. मोजणीवाला आला का? काकांनी दगड सरकवला की नाही? सविस्तर लिही. शिट्ट्या कधीच झाल्या, वरण तळाला लागतंय.

तुमची,
बेबी