डबा कुणाचा, गिऱ्हाईक कुणाचं

अहो वहिनी, इकडे या जरा, कुंपणापाशी. हळू बोला, मागच्या गल्लीतला तो उंच माणूस इतकी वर्षं टेलिव्हिजन अव्हेन्यूवर विनच्याच ऑफिसात कामाला होता, त्याच्या कानावर उगाच कशाला... ऐकलंत का, साउदर्न क्रॉसनं काय केलं ते? टीव्ही स्टेशनं विकली, ते नव्हे हो, ते तर सगळ्या वुलनगाँगला माहीत आहे. त्यानंतरचं! पण थांबा, आधी आपल्या विन टीव्हीचं सांगते, नाहीतर त्यातली मजाच कळायची नाही.

आपले ब्रूस गॉर्डन. म्हणजे आपले कसले, माणूस राहतो बर्म्युडाला, पण इथे सगळे त्यांना घरचंच समजतात. १९७९ साली रूपर्ट मर्डॉककडून विन घेतलं आणि १९८९ पासून नाईन चॅनेलचे कार्यक्रम दाखवायला लागले, ते थेट सत्तावीस वर्षं. म्हणजे कसं, की स्वयंपाक सिडनीत नाईनच्या घरी आणि डबे गावोगाव पोचवायचे विननं. जाहिरातींचे पैसे विननंच गोळा करायचे आणि त्यातला वाटा स्वयंपाकघराला पाठवायचा. आणि २०१६च्या जानेवारीत त्या स्वयंपाकघरानं काय करावं? इंटरनेटवर ‘नाईन नाऊ’ काढलं! गिऱ्हाइकाला सांगून टाकलं, डबेवाल्याची वाट कशाला बघता, इथे खिडकीशी या आणि गरम गरम घेऊन जा.

गॉर्डन भडकले. भडकणारच ना! तडक कोर्टात. म्हणे या भागात नाईन दाखवायचा हक्क करारानं फक्त आमचा आहे. न्यायमूर्ती हॅमरश्लाग यांनी ऐकून घेतलं आणि सांगितलं की तुमचा हक्क प्रक्षेपणाचा, इंटरनेटवरून दाखवणं म्हणजे प्रक्षेपण नव्हे. झालं! ही गोष्ट २८ एप्रिलची, गुरुवारची. आणि वहिनी, शुक्रवारी... दुसऱ्याच दिवशी हो, निकालाची शाई वाळायच्या आत, नाईननं जाहीर केलं की १ जुलैपासून आमचं साउदर्न क्रॉसशी, म्हणजे दुसऱ्या डबेवाल्याशी, ठरलंय. जाहिरातींच्या उत्पन्नातले निम्मे पैसे साउदर्न क्रॉस देणार. पाच वर्षांचे मिळून जवळपास पन्नास कोटी डॉलर! एका दिवसात कुणी एवढा करार करतं का? आधीच शिजलेलं होतं सगळं, नुसतं झाकण काढायचं बाकी होतं.

तर काय सांगत होते... हां, विन. विनच्या हाती काय उरलं, तर टेन चॅनेल. साउदर्न क्रॉसनं सोडलेलं टेन! नाईनसारखं तालेवार घर गेलं आणि तिसऱ्या नंबरावरचं पदरात पडलं. इथले चेहरे काय उतरले होते म्हणता! आणि बिचारे म्हातारेकोतारे सकाळी उठून रिमोट दाबतायत, नेहमीच्या बटणावर नेहमीच्या बातम्याच नाहीत. आणि गंमत म्हणजे ज्या नाईनशी भांडले, त्याच नाईनचे शेअर्स गॉर्डनकडे गठ्ठ्यानं. टेनचेसुद्धा. भांडण कोर्टात आणि पैसा दोन्ही घरांत, याला म्हणतात व्यवहार!

पण नशीब बघा. टेनशी संसार मांडून वर्ष होत नाही तोच २०१७च्या जूनमध्ये टेनचंच दिवाळं वाजायची वेळ. कर्जाला हमी कुणाची? गॉर्डन, लॅकलन मर्डॉक आणि जेम्स पॅकर. मग गॉर्डन आणि लॅकलन म्हणाले, चला, आपणच टेन घेऊन टाकू. सगळ्यांनी धरूनच चाललं होतं की यांनाच मिळणार. आणि मधेच अमेरिकेतून सीबीएस आली, तिचीच टेनकडे सगळ्यात मोठी येणी होती, आणि टेन उचलून मोकळी झाली! गॉर्डन पुन्हा कोर्टात, आणि पुन्हा तेच. आता यातली खरी मेख सांगू? गॉर्डन तरुणपणी कुणाचे कार्यक्रम विकायचे, माहितेय ना? पॅरामाउंटचे. आणि आज टेनच्या मालकिणीचं नाव काय झालंय? पॅरामाउंट! मला तर एवढं हसू आलं की हातातलं कपड्यांचं टोपलं...

असू दे. पण एक गोष्ट मला नाही आवडली बाई. २०१९च्या जूनमध्ये विननं ऑरेंज, वॅगा, ऑलबरी, वाइड बे इथली बातम्यांची ऑफिसं बंद केली. मोठे लोक कोट्यवधींची देवघेव करतात, आणि वॅगाच्या पालिकेत काय झालं, कुठला रस्ता पुरानं बंद आहे, ते सांगणारा माणूस मात्र परवडत नाही. आता हे बोललं की आमचे हे म्हणतात, तुला धंदा कळत नाही. नसेल कळत.

आणि मग २०२१! वहिनी, मार्चमध्ये पेपरात वाचलं तेव्हा मला वाटलं चुकून जुना पेपर हाती आला. नाईन आणि विन परत एकत्र! १ जुलैपासून, निदान सात वर्षं, आणि वाटा? निम्मा. निम्म्या वाट्यावर साउदर्न क्रॉसनं हिसकावून नेलेलं स्वयंपाकघर निम्मे देऊनच विननं परत आणलं. नाईनचे प्रमुख ह्यू मार्क्स पद सोडून निघालेच होते, जाता जाता सही करून गेले. गॉर्डन तोवर नव्वदीच्या पुढे. आणि साउदर्न क्रॉस? गेलं मुकाट्यानं परत टेनकडे. म्हणजे पाच वर्षांनी सगळे जिथल्या तिथे. आणि या लोकांना १ जुलैचंच काय एवढं वेड आहे हो? हिशोबाचं वर्ष तेव्हा सुरू होतं म्हणे. लोकांनी दर वेळी टीव्ही नव्यानं लावत बसायचं.

प्राइमचं तर तुम्हाला माहीतच आहे, पॉसमवालं, सेव्हन चॅनेलचा डबेवाला. सेव्हननं २०१९लाच मागणी घातली होती, तर भागधारकांच्या मतदानात गॉर्डन आणि अँटनी कॅटलानो आडवे आले. दोन वर्षांनी सेव्हननं शेवटी तेरा कोटी एकोणीस लाख डॉलरांना घेतलंच.

तर आता ऐका. साउदर्न क्रॉस म्हणालं, आम्हाला टीव्ही नकोच, आमचा जीव रेडिओत. २०२५च्या १ जुलैला, बघा, परत १ जुलै, टास्मानिया, डार्विन, ब्रोकन हिल, स्पेन्सर गल्फ, इथली स्टेशनं सेव्हनला दिली. किती डॉलरांना? साडेसदतीस लाख! सिडनीत पाण्याकाठी धड बंगला येत नाही एवढ्यात, आणि यांनी अख्खा टास्मानिया... टेनचे कार्यक्रम दाखवणारी बाकीची स्टेशनं टेननंच घेतली. साउदर्न क्रॉसचं घर एकदाचं टीव्हीतून मोकळं.

आणि ३० सप्टेंबरला, तीन महिने नाही झाले, साउदर्न क्रॉसनं जाहीर केलं की आम्ही एकत्र येतोय. कुणाशी? सेव्हनशी! म्हणजे एका हातानं टास्मानिया विकला आणि दुसऱ्या हातानं टास्मानियासकट सेव्हन घरात घेतलं. आणि वाटणी कशी, तर साउदर्न क्रॉसच्या भागधारकांना ५०.१ टक्के आणि सेव्हनच्या भागधारकांना ४९.९. केरी स्टोक्सचं सेव्हन, आणि शून्य पूर्णांक दोनानं खाली! अहो, तो पॉइंट एक मागताना समोरासमोर कोण बसलं होतं आणि कुणाचा चेहरा कसा झाला, ते मला कुणी सांगेल तर मी आजच्या आज त्याच्यासाठी पुरणपोळ्या करते.