अध्यक्षांचं स्टार्ट बटण

अहो, ऐकलंत का? काल रविवारच्या सभेला तुम्ही नव्हतात ना, तरीच इतक्या शांतपणे तुळशीला पाणी घालताय. या, जरा अलीकडे या. भाजणीचे तांदूळ वाळत घातलेत, चिमण्या येतात म्हणून उभी आहे इथे, नाहीतर दिवाळीच्या तोंडावर मला कुठली सवड. आणि हळू बोला हं, शेजारची खिडकी उघडी आहे.

तर आपल्या कॉम्प्युटर मंडळात काल जे काही झालं… नाही, आधी तुम्ही सांगा, उद्या मंगळवारी रात्री बाराच्या ठोक्याला विंडोज टेन आपोआप बंद पडणार, हे तुमच्या कानावर आलं होतं की नाही? आलं होतं ना! अख्ख्या विश्रामबागेत हीच बोंब. पिल्लू कुणी सोडलं ते मला ठाऊक आहे, पण नाव नाही घ्यायची मी. एवढंच सांगते, ज्यांच्या दुकानावर परवापासून लॅपटॉपच्या दिवाळी ऑफरचा बोर्ड झळकतोय, त्यांच्याच मुखातून निघालं. भजनी मंडळाच्या काकू तर इतक्या घाबरल्या, की कॉम्प्युटरमधले सगळे अभंग त्यांनी रातोरात छापून काढले. काळी शाई संपली मध्येच. शेवटचे अभंग गुलाबी आलेत!

बंदबिंद काही पडत नाही हो. १४ ऑक्टोबर २०२५ नंतर त्याला फुकटचे सिक्युरिटी अपडेट यायचे नाहीत, एवढंच. मशीन चालेल, पण नवं भोक सापडलं तर बुजवायला कुणी येणार नाही. मला कुणी सांगितलं म्हणता? लायब्ररीवाल्या ताईंच्या वरच्या खोलीत तो वालचंद कॉलेजचा मुलगा राहतो ना, त्यानं. गुणी पोरगं. केस तेवढे कापायला हवेत त्याचे.

तर काय सांगत होते… हां, सभा. अध्यक्ष उभे राहिले. खिशाला दोन पेनं, हातात बॅग. आता अध्यक्षांचं तुम्हाला माहीतच आहे. विंडोज एक्सपी गेली २०१४ च्या एप्रिलमध्ये, तेव्हा काय म्हणाले होते? ‘माझं मशीन काय कॅलेंडर बघून चालतं?’ सेव्हन गेली २०२० च्या जानेवारीत, तेव्हाही तेच. काल तिसऱ्यांदा तेच ऐकायची तयारी करून आम्ही बसलो होतो. मी तर भडंगाची पुडी पण सोडली नव्हती, आधी तो डायलॉग होऊन जाऊ दे म्हटलं. आणि हे गृहस्थ घसा खाकरून म्हणतात, ‘मी स्वतः विंडोज इलेव्हन घेतलेलं आहे.’

अशी शांतता पसरली म्हणून सांगू! बँकवाल्या काकांचा चष्मा नाकावर आला.

बॅगेतून नवा कोरा लॅपटॉप निघाला. पुण्याच्या मुलानं पाठवलाय म्हणे. प्रोजेक्टरला जोडला. ‘घाबरण्यासारखं काहीही नाही, सगळं पूर्वीसारखंच आहे,’ असं म्हणत मान आमच्याकडे, आणि हात सवयीनं माऊस घेऊन गेला खाली डाव्या कोपऱ्यात. बघायची गरजच नाही ना, इतक्या वर्षांचा हात. क्लिक केलं. आणि भिंतीवर काय यावं? सांगलीचं हवामान! अंशतः ढगाळ!

अहो, त्या इलेव्हनमध्ये स्टार्ट बटण मध्यभागी नेऊन ठेवलंय, आणि जुन्या जागी हवामान आणून बसवलंय. यांनी पुन्हा क्लिक केलं, हवामान गेलं. पुन्हा केलं, पुन्हा ढगाळ. मागून कुणीतरी म्हणालंच, ‘अध्यक्ष, छत्री आणायला हवी होती.’ कोण ते मी बघितलं नाही, पण आवाज आमच्या ह्यांचा होता.

मग ते वालचंदचं पोरगं उठलं. सेटिंगमध्ये जाऊन दोन क्लिकमध्ये स्टार्ट बटण डावीकडे आणून दिलं. अध्यक्ष म्हणाले, ‘मला माहीत होतं, तुमची परीक्षा घेत होतो.’ बरं! पुढे फाईल कॉपी करून दाखवायला गेले. उजवं क्लिक केलं तर यादीत कॉपी हा शब्द नेहमीच्या जागी नाही. वरती इवलीइवली चित्रं आलीत, त्यातलं एक कॉपीचं म्हणे. आता या वयात ती चित्रं कुणाला दिसतात? ‘काका, शो मोअर ऑप्शन्स दाबा, जुनी यादी येते,’ पोरगं हळूच म्हणालं. हळूच म्हणालं हो, पण माईक चालू होता.

आता मी काही त्यांच्यावर टपून बसलेली नाही हं. आपल्याला माऊस धरायला कुणी शिकवलं? त्यांनीच. २०१२ साली ती विंडोज एट आली आणि स्टार्ट बटणच गायब झालं, तेव्हा घरोघरी जाऊन समजावलं होतं त्यांनी. पुढच्या वर्षी बटण परत आलं, तेव्हा जणू यांनीच परत आणवलं अशा थाटात पेढे वाटले होते. सगळे ज्याला विचारायला येतात, त्या माणसानं आता कुणाला विचारायचं? जड जातं ते. मला कळतं. पण हसू येतंच, त्याला काय करू?

तर पुढे… त्यांनी जाहीर केलं, की सगळ्यांनी नवीन मशीन घ्यावं, दिवाळीचा मुहूर्त आहे. मागच्या रांगेत दुकानदार बसले होते, त्यांची कळी अशी खुलली! कार्डं पण वाटायला लागले. बँकवाले काका उठले. तुम्हाला माहितीये, काका दहा रुपयांचा हिशेब लागला नाही तर जेवत नाहीत. म्हणाले, ‘माझं मशीन चांगलं चालतंय. मग त्याला इलेव्हन का घालता येत नाही, ते आधी सांगा.’ अध्यक्ष म्हणाले, ‘जुनं झालंय.’ काका म्हणाले, ‘मी पण झालोय. कारण सांगा.’

कारण पोरानं सांगितलं. इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या जनरेशनचा किंवा पुढचा हवा, आणि ते सुरक्षेचं टीपीएम २.० हवं. काकांचा प्रोसेसर निघाला आठव्या जनरेशनचा. मग अडतंय कुठे? मशीन तिथेच होतं, उचलून घेऊनच आले होते ना काका. पोरानं ते बंद करून चालू केलं, चालू होताहोता एक बटण टकटक दाबत राहिलं. निळा नाही, करडा पडदा आला, बायोस म्हणतात त्याला. आत कुठेतरी ते टीपीएम कंपनीकडूनच बंद करून आलेलं. यानं चालू केलं, सेव्ह केलं, पुन्हा तपासणी लावली, आणि सगळीकडे हिरव्या खुणा! टाळ्या पडल्या. काकांनी खिशातून दुकानदाराचं कार्ड काढलं आणि अगदी अदबीनं त्यांना परत दिलं. त्या दुकानदाराचा चेहरा… जाऊ दे. दिवाळी आहे.

सगळ्यांचं असं नशीब कुठलं? आमचं मशीन सहाव्या जनरेशनचं. माझा जीव खालीवर. तर म्हणे त्यालाही वर्षभराची सोय आहे. १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सिक्युरिटी अपडेट मिळतात, नाव नोंदवायचं फक्त. एकतर ३० डॉलर भरा, नाहीतर त्यांचे ते रिवॉर्ड पॉइंट १००० जमवा, नाहीतर सेटिंगचा बॅकअप त्यांच्याकडे ठेवा, मग फुकट. पण मायक्रोसॉफ्टचं अकाउंट हवंच. तिथे भजनी काकू अडकल्या. त्यांचं अकाउंट जावयानं उघडलेलं, कोड जातो जावयाच्या मोबाईलवर, आणि जावयाशी तर श्रावणापासून… तुम्हाला माहीतच आहे. काकू म्हणाल्या, ‘अपडेट नको, पण त्याला फोन करणार नाही.’ शेवटी पोरानं नवीन अकाउंट उघडून दिलं. विठ्ठलाच्या नावावरचा पासवर्ड आहे, पुढचं मी सांगत नाही, सिक्युरिटीचा प्रश्न आहे.

पोरगं म्हणत होतं, २०१५ मध्ये टेन यायच्या सुमारास कंपनीच्याच एका माणसानं भर परिषदेत सांगितलं होतं, की ही शेवटची विंडोज. शेवटची! आणि सहा वर्षांत इलेव्हन काढून मोकळे.

पण खरी गंमत पुढेच आहे. तांदळाकडे बघा हो जरा, ती चिमणी… हुश्श. हां. तर लायब्ररीवाल्या ताई. चिटणीस म्हणून वर्षानुवर्षं कोपऱ्यात बसून इतिवृत्त लिहितात, कधी चढा आवाज नाही. त्या उठल्या. म्हणाल्या, ‘जुनं मशीन टाकायचं नसेल तर आणखी एक मार्ग आहे, विंडोजऐवजी लिनक्स मिंट. पैसे पडत नाहीत.’ अध्यक्ष हसले. तुम्हाला ते हसू माहितीये. म्हणाले, ‘ताई, ते कॉलेजच्या मुलांचं काम. आपल्या सभासदांना काळ्या पडद्यावर कमांड टाइप करायला लावणार का?’ ताई म्हणाल्या, ‘अध्यक्ष, मंडळाच्या ज्या मशीनवर आपण गणपती उठल्यापासून दर रविवारी मेल बघता, त्यावर विंडोज नाहीये. मिंट आहे.’

अहो! मी भडंग गिळलाच नाही. तसाच तोंडात.

सगळ्यांच्या माना त्या कोपऱ्यातल्या मशीनकडे. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, घड्याळ उजवीकडे, सगळं जिथल्या तिथे! नव्या विंडोजपेक्षा तेच जास्त जुन्या विंडोजसारखं दिसत होतं. पोरानं आधी पेन ड्राइव्हवरून नुसतं चालवून बघितलं होतं, आतलं काही न पुसता. जमलं, मग सगळ्या फायलींची कॉपी बाजूला ठेवून मिंट मारलं. आणि कुणाच्या लक्षात आलं नाही! आमचे हे म्हणाले, ‘तरीच म्हटलं फास्ट कसं झालं.’ खोटं हो. ते तिथे पत्ते खेळतात फक्त.

अध्यक्षांचा चेहरा आधी लाल, मग पांढरा. पण हार मानतील तर शपथ. म्हणाले, ‘असं? मग आपली जुनी इतिवृत्तं उघडून दाखवा त्यावर!’ ताईंनी एक फाईल उघडली. आली ती अशी गिचमिड, इंग्रजी अक्षरं, कंस, डॉलर, उद्गारचिन्हं. अध्यक्ष खुर्चीत मागे रेलले. ‘बघा,’ म्हणाले.

आता ती इतिवृत्तं आपण जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली, युनिकोड नाही. त्या काळी प्रत्येकाच्या फॉन्टची मांडणी वेगळी, दिसायला मराठी आणि पोटात इंग्रजी अक्षरं. तो फॉन्ट नसला की कुठल्याही मशीनवर असंच दिसणार, मग ती इलेव्हन का असेना. ताईंनी पर्समधून पेन ड्राइव्ह काढला. जुन्या मशीनमधून तो फॉन्ट आधीच काढून ठेवला होता बाईंनी! टाकला, फाईल पुन्हा उघडली, आणि भिंतीवर स्वच्छ मराठी. एप्रिल २०१४ ची सभा. ताईंनी सरळ, बातम्या दिल्यासारख्या आवाजात वाचलं: ‘चिटणीसांनी लिनक्स वापरून पाहण्याची सूचना मांडली. अध्यक्षांनी ती हसण्यावारी नेली.’

काय बोलता! नेमकं तेच पान कसं उघडलं, असं मी नंतर त्यांना विचारलंसुद्धा. म्हणाल्या, ‘योगायोग.’ आणि पर्सची चेन लावली.

बँकवाले काका मात्र व्यवहारी. म्हणाले, ‘माझी टॅली चालेल का त्यावर?’ पोरगं म्हणालं, नाही, टॅली विंडोजवरच. ते मला आवडलं, उगाच गोडवे गायले नाहीत त्यानं. ज्यांना मेल, फोटो, अभंग आणि नातवंडांशी व्हिडिओ कॉल एवढंच हवं, त्यांनी मिंट बघावं, बाकीच्यांनी वर्षभराची नोंदणी करून शांतपणे विचार करावा, असं ठरलं. नोंदणी उद्यानंतरही करता येते, धावपळ नको. तुमच्या ह्यांना सांगा, नाहीतर जातील त्या दुकानात. सभा संपली, अध्यक्ष चहासुद्धा न घेता गेले.

आणि आता जे सांगते ते इथेच ठेवा. काल रात्री साडेनऊच्या सुमारास मी कचऱ्याचा डबा ठेवायला बाहेर आले. लायब्ररीवाल्या ताईंच्या दारात कोण उभं असावं? अध्यक्ष! हातात भाजीची पिशवी. रात्री साडेनऊला कसली हो भाजी? पिशवीतून चार्जरची वायर लोंबत होती. ताईंनी दार उघडलं, काही विचारलं नाही, ‘या, तो वरतीच आहे,’ एवढंच म्हणाल्या. पावणेअकराला गेले ते. मी काही मुद्दाम थांबले नव्हते, डबा नीट लागत नव्हता.

मी अजून कुणालाही सांगितलेलं नाही, आमच्या ह्यांनाही नाही. तुम्हालाच पहिल्यांदा. भजनी काकूंना सांगायचं असेल तर मला सांगू द्या हं, तुमच्याकडून निम्मं राहून जातं… आणि हे काय, त्या येतातच आहेत बघा इकडे, हातात ते गुलाबी अभंग घेऊन.