पुसणारा मालक

नंदुरबार, शहादा, तळोदा, कुठल्याही गल्लीत सकाळी डोकावा. फडकं घेऊन गाडीला प्रदक्षिणा घालणारा गृहस्थ दिसतोच. काच, आरसा, नंबरप्लेट, बंपरखालचं लिंबू-मिरची, सगळ्यांची विचारपूस होते. चाकामागे बघायचं म्हटलं की मात्र याच्या कमरेत उसण भरते. सारंगखेड्याच्या यात्रेत हाच माणूस, घोडा घ्यायचा नसतानाही, त्याचे दात बघतो, खूर उचलून पाहतो. स्वतःच्या गाडीचा खूर त्याने जन्मात पाहिलेला नसतो. इंजिन पुढची चाकं फिरवतं अशा गाडीत दोन्ही चाकांना एकेक एक्सल आणि प्रत्येक एक्सलच्या दोन टोकांना सीव्ही जॉइंट असतो. बाहेरच्या जॉइंटमध्ये बहुधा सहा पोलादी गोळ्या, भोवती काळं ग्रीस आणि ते धरून ठेवणारा घडीदार रबरी बूट. चाक वळो की खड्ड्यात आदळो, त्याला धक्क्याविना एकसारखं फिरवायचं काम या गोळ्यांचं. माझं म्हणणं इतकंच, की हे जॉइंट सातपुड्याच्या रस्त्यांनी कमी आणि या न वाकणाऱ्या कमरेमुळे जास्त मरतात.

त्याला हे पटणार नाही. ‘तोरणमाळचा घाट चढून बघा, मग बोला!’ घाटाचा मुद्दा खोटा नाही. स्टेअरिंग पूर्ण वळवून ॲक्सिलरेटर दाबला की जॉइंटवर सगळ्यात जास्त ताण येतो, आणि चिखलात रुतल्यावर नेमकं हेच करण्यात आपला गृहस्थ पटाईत. पण बूट शाबूत असेल तर जॉइंट लाखभर किलोमीटर सहज काढतो. बूट चिरला की फिरता एक्सल ग्रीस बाहेर भिरकावतो, उन्हाळ्यात धूळ आणि पावसाळ्यात चिखल आत शिरतो, आणि गोळ्या आपल्याच खाचा खाऊ लागतात. दुसरा युक्तिवाद जीपचा: ‘टपावर माणसं घेऊन मोलगीला जातात, त्यांना काही व्हत नही भो!’ त्या जीपचं इंजिन मागची चाकं फिरवतं, तिथे सीव्ही जॉइंटऐवजी प्रोपेलर शाफ्ट आणि क्रॉसचा जॉइंट असतो. शिवाय तिचा ड्रायव्हर ग्रीसगन घेऊन खाली आडवा होतो, कारण त्याची त्या दिवसाची भाकरी तिथे असते. सीव्ही जॉइंटला तेवढेही कष्ट नकोत. बाहेरून ग्रीस भरायची सोयच नाही, फक्त बूट बघायचा. ‘सर्व्हिसिंगला बघतात की!’ बघतात, पण दोन सर्व्हिसिंगच्या मधे चिरलेलं रबर पुढच्या तारखेची वाट बघत नाही.

वळताना ‘कट-कट’ सुरू झाली, की तो आधी गाण्याचा आवाज वाढवतो. मग मेकॅनिककडे जाऊन ‘जरा ग्रीस मारून दे’ म्हणतो. झिजलेली खाच ग्रीसने भरून येत नाही. तेव्हा जॉइंट, कधी अख्खा एक्सलच बदलावा लागतो, आणि त्या पैशात बुटांच्या कित्येक जोड्या आल्या असत्या. चिरलेला बूट आवाजाआधी सापडला, तर जॉइंट खोलून धुवायचा, सीव्ही जॉइंटसाठीचंच नवं ग्रीस भरायचं, नवा बूट आणि क्लॅम्प लावायचा. बहुतेकदा एवढ्यावर भागतं.

म्हणून पुसणाऱ्या मालकांना विनंती: पावसाळ्याआधी आणि नंतर एकदा स्टेअरिंग पूर्ण वळवून ठेवा, इंजिन बंद करा, टॉर्च घ्या आणि चाकामागे बघा. रिमच्या आतल्या बाजूला काळे शिंतोडे दिसले, तर ते पुसू नका. तसेच मेकॅनिकला दाखवा.