खतवाले नाना

आमच्या सोसायटीतले नाना घरी यायचे म्हटलं की लोक रिकाम्या बरण्या आणि बादल्या आत सरकवतात. नानांची नजर वाईट नाही, पण ती वस्तूला भोकं पाडतच येते.

बँकेतून निवृत्त झालेली माणसं पेटी शिकतात, नाहीतर नर्मदा परिक्रमेला निघतात. नानांनी ओला कचरा जवळ केला. रंगाऱ्याने टाकून दिलेली २० लिटरची बादली त्यांनी उचलून आणली, गॅसवर सळई लाल केली आणि बादलीला बाजूंनी, बुडाला भोकं पाडली. तळाशी विटांचे तुकडे आणि नारळाच्या शेंड्या, वर सुका पाला, मग देठं-सालं, पुन्हा पाला आणि आंबट ताकाचा शिपका. हवा खेळली की कचरा मुरतो, कोंडली की नासतो; एवढंच त्यातलं मर्म. दोन-अडीच महिन्यांत खत झालं, आणि माईंच्या संसारातलं एकही भांडं निर्धास्त राहिलं नाही. तडा गेलेला माठ गेला, पाठोपाठ तांदळाचा पत्र्याचा डबा गेला. माईंच्या माहेरचं पितळी पातेलं वाचलं, ते केवळ सळई पितळेत शिरेना म्हणून.

नानांचा खरा जीव जडलाय तो वॉशिंग मशीनच्या ड्रमवर. स्टीलचा, न गंजणारा, आणि भोकं कंपनीनेच पाडून दिलेली! परवा मशीन बंद पडलं, तर नाना दुरुस्तीला आलेल्या पोराभोवती घुटमळत होते. “बेल्ट गेलाय काका, बदलला की चालेल,” तो म्हणाला. “अरे, फार जुनं आहे ते. नीट बघ जरा, आणखी काही गेलं असेल,” नाना अजिजीने म्हणाले.

बोलणं सगळं कर्ब आणि नत्राचं. सुका पाला म्हणजे कर्ब, भाजीचा कचरा म्हणजे नत्र. दोन्ही मिळून ३० भाग कर्बाला एक भाग नत्र पडलं पाहिजे. लग्नाच्या पंगतीत शेजारच्याने अळूची भाजी टाकली तर नानांना अन्नापेक्षा नत्र वाया गेल्याचं दुःख. खत करायच्या इंदूर पद्धतीचं पुस्तक १९३१ साली निघालं, त्यावर अल्बर्ट हॉवर्डच्या जोडीला यशवंत वाड हेही नाव आहे. “साहेबाचं नाव जगभर झालं, आपल्या वाडांना कोण विचारतो?” हे ते लिफ्टमध्ये सांगतात, हातात गळकी पिशवी धरून. माहिती खरी आहे, पण आपला मजला लवकर यावा असं वाटत राहतं.

एकदा खालच्या वहिनींच्या पापडांवर एक अळी उतरली. वहिनी तणतणत वर आल्या. “अहो, सैनिक माशीची आहे ती! चावत नाही, काही नाही. कुठे आहे? आणलीत का?” नानांनी ओंजळ पुढे केली. वहिनींनी पापड तसेच टाकून दिले, आणि तेही शेवटी नानांच्याच बादलीत गेले.

तयार खत मात्र या गृहस्थाच्या हातून सुटत नाही. वास सगळ्यांना घ्यायला लावतात, आणि पहिल्या पावसाचा वास येतो हे कबूल करावंच लागतं. मातीतले तेच सूक्ष्मजीव दोन्हीकडे काम करतात. पण मागितलंत की चौकशी सुरू. कढीपत्त्याला हवं असेल तर मूठभर मिळेल, मनीप्लांटला चिमूटभरही नाही.

बाजारहाट आता नानाच करतात, तोही सालं बघून. मटार आवडता, कारण दाण्यांपेक्षा टरफलंच जास्त. फणसाच्या दिवसांत तर त्यांचा पाय जमिनीवर ठरत नाही. “यांना जेवायला घालते आहे की बादलीला, तेच कळत नाही,” माई म्हणतात. पण त्या भांडत नाहीत. त्यांनी दोडक्याच्या शिरा काढल्या, तीळ-खोबरं घालून खमंग परतल्या आणि चटणी केली. दुसऱ्या दिवशी दुधीच्या सालांची केली. मग कलिंगडाच्या पांढऱ्या गराची भाजी. गॅलरीतली बादली उपाशी राहू लागली. नानांची पंचाईत अशी, की चटणी फर्मास होते. ते भाकरीबरोबर दोनदा मागून घेतात, आणि दर घासाला गॅलरीकडे पाठ करून बसतात.