एररवाले नाना

कृषी महाविद्यालयाच्या संख्याशास्त्र विभागात नाना सांख्यिकी सहायक आहेत. त्यांचं कागदोपत्री नाव पगार काढणाऱ्या क्लार्कला तेवढं ठाऊक असावं. एमएस्सी-पीएचडीच्या पोरांसाठी ते एररवाले नाना. मका, ज्वारी, माती, कीड, कोंबड्या, विषय कुठलाही असो. सबमिशनच्या महिन्यात सगळ्या वाटा त्यांच्या टेबलापाशी येऊन थांबतात, कारण सगळ्यांना आकडेमोड ‘आर’ या संगणकभाषेत करायची असते आणि आर कुणालाच सरळ उत्तर देत नाही.

"नाना, एरर आला."

"काय म्हणतोय?"

"एररच म्हणतोय."

"अहो राजे, पण कसला?"

"लाल अक्षरात होता. मी बंद केलं."

यावर नाना डबा उघडतात. मग सकाळचे साडेअकरा असोत नाही तर दुपारचे चार. डबा उघडला की सुनावणी तहकूब. काही पोरं हुशारीने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवतात. त्यात ट्यूबलाइट, स्वतःचा अंगठा आणि उरलेल्या जागेत एररची शेवटची अर्धी ओळ असते. नानांचं उत्तर ठरलेलं: "येऊन वाचून दाखव."

वाचून दाखवायचं म्हणजे मोठ्याने, सावकाश. नाना पाठीमागे हात बांधून उभे. दुसऱ्याच्या कीबोर्डला ते बोट लावत नाहीत. सोवळंच आहे ते. निम्मे एरर या वाचनातच सुटतात. ‘ऑब्जेक्ट नॉट फाउंड’ एवढं वाचेपर्यंत पोरीच्या लक्षात येतं की वर कॅपिटल वाय होता आणि खाली स्मॉल. आरच्या लेखी ही दोन वेगळी माणसं. ती खजील होऊन निघते, आणि नाना मात्र हिरमुसतात, कारण रोग त्यांनी हात लावण्याआधीच बरा झालेला असतो.

खरी रंगत येते ती ‘ऑब्जेक्ट ऑफ टाइप क्लोजर इज नॉट सबसेटेबल’ या वाक्याला. हे वाचून चांगला धीट मुलगाही हबकतो. नाना खुलतात. "तुझ्या टेबलाचं नाव काय ठेवलंयस? डीएफ ना? आणि फाइल वाचायची ओळ आज चालवलीच नाहीस. मग आरने घरातला डीएफ काढून दिला. एफ वितरणाचं फंक्शन आहे ते, जुनं. फंक्शनमधून तू रकाना मागतोयस, तो कुठून देणार?" मुलगा मान डोलावतो. त्याला काहीही कळलेलं नसतं, पण ती ओळ चालवल्यावर टेबल येतं, एवढं त्याला पुरतं.

काहींच्या पडद्यावर नुसती अधिकची चिन्हं एकाखाली एक उतरत असतात. कंस उघडा राहिलाय, आर बिचारा पुढच्या मजकुराची वाट बघतोय, आणि पोरगं एंटर बडवतंय. "एस्केप दाब आणि कंस मोज," एवढंच बोलून नाना पुढच्याकडे वळतात. वर्डमधून उचललेल्या कोडातली वळणदार अवतरणचिन्हं आरला चालत नाहीत, सरळ लागतात, हे ते दाराबाहेर येऊन ओरडून सांगतात. विंडोजमधला फाइलचा पत्ता जसाच्या तसा चिकटवला की त्यातली उलटी तिरकी रेघ आरला भलताच इशारा वाटते. ती सुलटी करायची. हेही दारातूनच.

नानांच्या टेबलावर ‘पानसे-सुखात्मे’ असतं. विनायक पानसे आणि पांडुरंग सुखात्मे यांचं १९५४ सालचं पुस्तक, भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने काढलेलं. नानांच्या प्रतीला कव्हर उरलेलं नाही. संख्याशास्त्र शेतातून आलंय, हा नानांचा अभिमान. फिशर १९१९ मध्ये रोथॅमस्टेडच्या शेती-प्रयोग केंद्रात गेला आणि खतांच्या, पिकांच्या आकड्यांत बसून त्याने ॲनोव्हा काढला. तेव्हा संगणकवाल्यांनी शेतकी कॉलेजला शिकवू नये, असं ते दर पंधरवड्याला कुणाला तरी ऐकवतात. आरबद्दल मात्र त्यांना माया आहे. ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन या दोघा मास्तरांनी आपल्या लॅबमध्ये शिकवायला सोयीचं पडावं म्हणून ते सुरू केलं, म्हणजे शेवटी आपल्यासारख्याच माणसांचं काम. १.०.० ही आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० ला आली. त्या वाढदिवसाला नाना विभागात पेढे वाटतात. चार वर्षांतून एकदा. नानांचा हात ओळखणारे सांगतात की त्यांनी आर निवडलं ते यासाठीच.

माणूस चिडतो मात्र एका गोष्टीवर. शेतातला एक प्लॉट रानडुकरांनी खाल्ला, तिथे एनए लिहिलं, आणि सरासरी काढली की आर उत्तर देतो: एनए. पोरं वैतागतात. नाना म्हणतात, "बरोबरच बोलतोय तो. एक आकडा माहीत नाही तर सरासरी कशी माहीत असेल? तो आकडा सोडून मोजायचं तर तसं स्पष्ट सांग, एनए डॉट आरएम इज इक्वल टू ट्रू." पण कुणी परस्पर एनएच्या जागी शून्य घातलं, तर नाना आवाज चढवतात. "डुकराने खाल्लं म्हणजे पीक आलं नव्हतं का? आलं होतं म्हणूनच खाल्लं ना!"

लाल अक्षरांचं नानांना भय नाही. ओरडणारा एरर सज्जन, असं त्यांचं मत. त्यांना धास्ती असते ती मुकाट चालणाऱ्या कोडाची. म्हणून कुणी ॲनोव्हाचं टेबल आणलं की ते आधी डिग्री ऑफ फ्रीडम बघतात. चार ट्रीटमेंट असताना तिथे तीनऐवजी एक दिसला, की ट्रीटमेंटला दिलेले १, २, ३, ४ हे आरने नावं न समजता मापं समजले, आणि चारची ट्रीटमेंट एकच्या चौपट धरून सरळ रेघ ओढली. एरर नाही, वॉर्निंग नाही. शेवटी एक तारा काढून पी-व्हॅल्यू हजर. यावर इलाज एकच, रकाना फॅक्टर करायचा. ही ओळ नानांनी इतक्यांना लिहून दिली आहे की ती पेनड्राइव्हमधून पिढ्यान्‌पिढ्या चालत येते. (उलट बाजूने, मजकुराचा रकाना न विचारता फॅक्टर करायची आरची जुनी खोड होती. ती एप्रिल २०२० मध्ये ४.०.० आवृत्तीने मोडली. आधीच लॉकडाउन, त्यात आरने सुधारायचं ठरवलेलं. नानांना तो महिना फार जड गेला.)

तर यंदा एक पीएचडीची मुलगी मक्याचा आलेख घेऊन आली. एरर नव्हता; नानांची सही हवी होती. नत्राची मात्रा वाढत जाते तसं उत्पादन वाढतं आणि शेवटी घसरतं, असा आलेख. पुस्तकात असतो तसाच. गाइड खूश होते. घसरणीच्या कारणांवर दोन पानं लिहून झाली होती, संदर्भांसकट.

नानांनी चष्मा वर केला. "खालच्या रेघेवर एक ते पाच काय आहे?"

"नत्र, नाना. किलो प्रति हेक्टर."

"हेक्टरी पाच किलो? पोतं फाटकं होतं का?"

कोड उघडला. मात्रा होत्या ०, ५०, १०० आणि १५०. पण एक्सेलमध्ये एका चौकटीत कुणीतरी ‘१५० किलो’ असं भरलेलं. तेवढ्याने अख्खा रकाना मजकूर झाला. मग तो फॅक्टर केलेला, आणि आलेखासाठी पुन्हा आकडा. आरने मजकूर अक्षरांच्या क्रमाने लावला: ०, १००, १५०, १५० किलो, ५०. आणि आकडा मागितल्यावर मात्रा न देता प्रत्येकाचा नंबर दिला. पन्नास किलोला पाच. घसरण दिसत होती ती त्या पन्नासची.

"फॅक्टर कुणी करायला सांगितलं हो तुम्हाला?" नाना गरजले.

मुलीने हळूच कर्सर वर नेला. ओळीशेजारी टीप होती: ‘राजे, ही ओळ काढायची नाही. — नाना.’

नानांनी डबा उघडला.

डबा संपल्यावर त्यांनी दुरुस्ती सांगितली: ती चौकट साफ करायची, आणि आकडा करायचाच तर आधी कॅरेक्टर, मग न्यूमरिक. नवा आलेख आला. उत्पादन १५० पर्यंत सरळ वाढत गेलेलं, घसरण नाहीच. संध्याकाळी गाइड स्वतः खाली आले. दोन्ही आलेख शेजारी ठेवून बराच वेळ बघत राहिले.

"पहिला बरा दिसत होता हो, नाना."

"मग सर, तो थिसिसला ठेवा," नाना म्हणाले, "आणि हा मक्याला द्या."