नेनेकाकांचं स्वित्झर्लंड

"लेकीनं कौतुकानं डोंगर दाखवायला नेलं, आणि आमच्या ह्यांनी बघितलं काय, तर इंजिन!" ओला टॉवेल तारेवर झटकत नेनेकाकूंनी कुंपणापलीकडून बातमी फोडली.

"रेल्वेचं?"

"छे गं, बोटीचं! ल्युसर्नला ते एवढं मोठं तळं आहे ना, त्यात वाफेच्या बोटी चालतात. दोन्ही अंगांना चाकं. एक-दोन नाहीत, चांगल्या पाच. सगळ्यात थोरली 'उरी', 1901 सालची. आणि शेंडेफळ 'श्टाट लुत्सर्न', 1928 चं. शेंडेफळसुद्धा शंभरीला टेकलेलं!"

नेनेकाका कल्याणच्या लोको शेडमधून निवृत्त झालेले. त्यांच्यासमोर इंजिनाचा विषय काढायचा नाही, काढलाच तर संध्याकाळ मोकळी ठेवायची, हे आमच्या गल्लीतली पोरंही जाणतात. पण काकूंकडून ऐकण्यात गंमत असते, त्या मसाला घालतात.

"मग तुम्ही काय केलंत?"

"मी वर बसले. लेकीनं पहिल्या वर्गाचं तिकीट काढलेलं. कॉफी, बर्फाचे डोंगर, सगळं यथासांग. आणि हे खाली! खालच्या डेकवर मधोमध जागा मोकळी सोडलेली आहे, भोवती कठडा. वाकून बघितलं की सगळं इंजिन उघडं दिसतं. मांडीएवढे पोलादी दांडे, लखलखीत घासलेले, सपासप पुढं-मागं. आणि एक माणूस बुधली घेऊन त्यात तेल सोडतोय. चालू इंजिनात, बाई! नेमकी फट साधून हात आत घालतो, सांधा तापलाय का बघतो, आणि हात काढून घेतो. मला तर बघवेना. हे म्हणाले, असा माणूस आता शोधून मिळायचा नाही."

"आणि बोट चालवतं कोण? तोच?"

"तेच तर! कॅप्टन वर, इंजिनवाला खाली. खालच्याला ना पाणी दिसतं ना धक्का. वरून हुकूम यायचा, पुढं, सावकाश, थांब, मागं, की ह्यानं वाफ सोडायची नाहीतर उलटवायची. त्यातून दोन्ही चाकं एकाच दांड्यावर. म्हणजे एक पुढं, एक मागं फिरवून जागच्या जागी वळायची सोय नाही. धक्क्याला लागायचं तर लांबूनच वेग मोडत आणायचा आणि शेवटी चाकं उलटी फिरवायची. दरेक थांब्याला हे कठड्याला धरून उभे, जसं काही ह्यांनाच ब्रेक मारायचाय!"

"कोळसा घालतात अजून?"

"कोळसा कधीच गेला. तेल जाळतात. वाफ मात्र खरी."

मी म्हटलं, काकू, एवढा पसारा परवडतो कसा? आपल्याकडं भाऊच्या धक्क्यावरून कोकणात जाणाऱ्या बोटी होत्या. माझी आजी बोट लागते म्हणून लिंबू हुंगत जायची, बंदराला धक्का नसला की समुद्रातच पडावात उतरायची. गेल्या त्या. एक आगबोट निदान बघायला तरी ठेवावी, असं कुणाला सुचल्याचं ऐकिवात नाही.

"परवडत नाहीच, जावई म्हणाला. डिझेलच्या बोटीपेक्षा माणसं जास्त लागतात, दुरुस्ती तर विचारू नकोस. तिथली कंपनी 1970 च्या सुमारास एकेक काढायलाच निघाली होती. 'विल्हेल्म टेल' नावाची काढली, तिचं हॉटेल केलं. तेव्हा मात्र गावचे लोक बिथरले. 1972 साली त्यांनी आगबोटींच्या मित्रांची संस्थाच काढली. वर्गण्या, देणग्या, सह्या. मोठं काम निघालं की ही मंडळी पैसे उभे करायला हजर."

"आणि नुसत्या शोभेला उभ्या करत नाहीत ना?"

"अगं, वेळापत्रकात लावल्यात! उन्हाळ्यात थांबे घेत जातात, हिवाळ्यात कंपनीच्या स्वतःच्या गोदीत डागडुजी. 'उन्टरवाल्डेन' म्हणून एक आहे, तिच्या वाटेत बुटका पूल. तर तिचं धुराडंच खाली घेण्याजोगं केलं, आणि सुकाणूची केबिनसुद्धा. पूल आला की वाकायचं, गेला की परत ताठ. उंबऱ्यापाशी आमची धाकटी जाऊ वाकते ना, अगदी तशी."

धाकट्या जावेला बोलल्याशिवाय काकूंना चैन पडत नाही.

एका बोटीला 'शिलर' हे कवीचं नाव आहे, तेही सांगून झालं. ही 1906 ची. विल्हेल्म टेलवर नाटक लिहिणाऱ्या ह्या जर्मन कवीनं स्वित्झर्लंड डोळ्यांनी कधी बघितलंच नव्हतं, आणि तरी त्यांनी बोटीला नाव दिलं. मला आवडलं हे. आपल्याकडं कवीच्या वाट्याला फार तर चौक येतो.

"युद्धातली गोष्ट सांगितली का तुला? 1940 च्या जुलैत, फ्रान्स पडल्यावर, त्यांच्या सरसेनापतीनं, गिझां त्याचं नाव, झाडून सगळे वरिष्ठ अधिकारी 'श्टाट लुत्सर्न'वर चढवले आणि तळ्याकाठच्या र्‍युटलीच्या कुरणावर नेले. देश लढणार, असं सांगायला. अख्खी फौजेची डोकी एका बोटीत! मी म्हटलं, ह्याला शहाणपण म्हणायचं का?"

"काका काय म्हणाले?"

"ह्यांना इंजिनाची खात्री!"

एवढ्यात आतून काकांचा आवाज आला. "विंटरथूर सांग तिला, विंटरथूर!"

"सांगते हो! त्या पाचांतल्या तीन बोटी विंटरथूरच्या सुल्झर कारखान्यातल्या. त्याच गावात रेल्वे इंजिनांचाही एक कारखाना होता, आणि घाटातली पहिली 'खेकडा' इंजिनं तिथूनच आली होती, 1928 च्या आसपास. कसारा आणि कर्जतचा घाट ओढणारी. ह्यांनी नोकरी लागल्यावर त्यांच्यावरच हात काळे केलेले. झालं! परक्या देशात माहेरचं माणूस भेटल्यासारखं. वर जावयानं आगीत तेल ओतलं. जीनिव्हाच्या तळ्यातली 'मोंत्रो' म्हणे वाफ काढून डिझेलवर नेली होती. 2001 साली तिला पुन्हा कोरं करकरीत वाफेचं इंजिन बसवलं. त्या रात्री हे जेवले नाहीत धड."

"का?"

"म्हणे, आपण आयुष्यभर इंजिनं भंगारात जाताना सह्या केल्या."

मग काकूंनी तारेवरून वाकून आवाज खाली आणला.

"आता नवीन खूळ. त्या आगबोटींच्या संस्थेचे सभासद व्हायचंय ह्यांना. वर्गणी फ्रँकमध्ये! सोसायटीच्या मेंटेनन्सचे तीन महिने थकलेत, सेक्रेटरी रोज जिन्यात गाठतोय, त्याला म्हणतात, लिफ्टच बंद आहे तर पैसे कसले मागता? आणि तिकडं कुणाच्या बॉयलरची काळजी! तू जरा बोल त्यांच्याशी, तुझं ऐकतात."

"मी बोलीन, काकू. पण लिफ्टचं म्हणाल तर काकांचं बरोबर आहे."