तुम्ही म्हणाल तसं

एकटा माणूस पावसात सायकल चालवत नाही. तो खिडकीचा पडदा बाजूला करतो, बाहेर बघतो आणि परत पांघरुणात शिरतो. आठ जणांचा ग्रुप झाला, की मात्र हे साधं शहाणपण कुणालाच दाखवता येत नाही. कारण ते दाखवायला आधी कुणीतरी तोंड उघडावं लागतं. सायकलिंगचे ग्रुप माणसाला घराबाहेर काढण्यासाठी असतात, असं म्हणतात. माझ्या मते ते, बाहेर पडलेल्या माणसाला घरी परत जाता येऊ नये, यासाठी असतात.

जुलै महिन्यात पुण्याहून महाबळेश्वरला सायकलनं जायचं, ही कल्पना नेमकी कुणाची, हे आजवर उघड झालेलं नाही. ती निघाली एप्रिलमध्ये, एवढं नक्की. एप्रिलमध्ये पुणेकराला पावसाबद्दल काहीही गोड वाटू शकतं. अंतर सुमारे 120 किलोमीटर. वाटेत जुना कात्रज घाट, खंबाटकी आणि पसरणी. पुण्यात वर्षभरात साधारण 700 मिलिमीटर पाऊस पडतो आणि तेवढ्यावर आम्ही वर्षभर तक्रार करतो. महाबळेश्वरात 5,500 मिलिमीटरच्या वर पडतो आणि त्यातला मोठा वाटा जुलै-ऑगस्टचा. म्हणजे पावसात सायकल चालवायची असा हा बेत नव्हताच. पाऊस जिथं मुक्कामाला असतो तिथं, त्याच्या ऐन कामाच्या दिवसांत, आपण होऊन जाऊन धडकायचं, असा होता.

ठरलेल्या दिवशी पहाटे चारला पाऊस धो-धो कोसळत होता. व्हॉट्सॲपवर आठच्या आठ जण ऑनलाइन दिसत होते आणि कुणीही काही लिहीत नव्हतं. अखेर काकांनी लिहिलं, ‘पाऊस आहे.’ हवामान खात्याला शोभेल इतकं अलिप्त वाक्य. ॲडमिननं लिहिलं, ‘थांबेल.’ डॉक्टरांनी लिहिलं, ‘माझं काही नाही, तुम्ही म्हणाल तसं.’ त्यावर मीही लिहिलं, ‘माझंही काही नाही.’ पुढच्या दोन मिनिटांत सगळ्यांचंच काही नसल्याचं स्पष्ट झालं. कुणीच काही म्हटलं नाही, म्हणून राइड झाली.

पावसातला पहिला अर्धा तास वाईट नसतो. अंगावर नवा विंडचीटर असतो आणि त्यावर ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेलं असतं. कात्रजच्या चढावर कळतं, की बाहेरचं पाणी तो थोडं थोडं आत घेतो, पण आतला घाम थेंबभरही बाहेर सोडत नाही. बुटांचंही तेच. पाणी वरून आरामात शिरतं आणि तिथंच राहतं. पायडल मारलं, की ‘पचक’ असा आवाज येतो. आठ जणांचे सोळा बूट, जुन्या बोगद्यातून जाताना तो पचपचाट काय घुमला म्हणता! त्यातूनही पाठीचा मधला तळहाताएवढा भाग बराच वेळ कोरडा राहतो आणि माणसाचा सगळा जीव त्या तुकड्यात गोळा झालेला असतो. तोही भिजला, की मग सगळं सोपं होतं. गमावण्यासारखं काही उरत नाही.

ग्रुपमध्ये सायकल चालवण्याचं एक शास्त्र आहे. पुढच्याच्या चाकाला चिकटून राहिलं, की हवेचा अडथळा कमी होतो आणि जवळजवळ एक तृतीयांश श्रम वाचतात. त्यामुळे एरवी आमच्यात पुढं व्हायला कुणी राजी नसतं. ‘तुम्ही व्हा पुढं, मी येतोच’ हा शिष्टाचार पंचवीस-तीस किलोमीटर सहज चालतो. पावसात शास्त्र उलटतं. पुढच्याचं मागचं चाक रस्त्यावरचं पाणी, माती, डिझेल आणि शेण एकजीव करून मागच्याच्या तोंडावर एकसारखं उडवत राहतं. यावर मडगार्ड हा उपाय माणसाला फार पूर्वीच सापडलेला आहे; पण मडगार्डनं सायकलीचं वजन वाढतं, असं आम्हाला दुकानात सांगितलं होतं. आमच्या पोटांच्या वजनाविषयी दुकानात कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. तर त्या दिवशी तोंड वाचवण्यासाठी जो तो पुढं घुसू लागला आणि खेड शिवापूरपर्यंत आमचा वेग कधी नव्हे इतका वाढला. ॲडमिनला तो उत्साह वाटला. त्यानं तसं ओरडून सांगितलंही. तेव्हा त्याच्या तोंडात जे गेलं, त्यानंतर शिरवळपर्यंत तो बोलला नाही.

नसरापूर फाट्याच्या आसपास एक दूधवाला मागून आला. काळी, जाडजूड, जुनी सायकल. दोन्ही चाकांना ऐसपैस मडगार्ड, चेनवर पत्र्याचं झाकण, दोन्ही बाजूंना कॅन. डोक्यावरून खताच्या पोत्याची खोळ घेतलेली आणि तिच्याखाली माणूस ठणठणीत कोरडा. आमच्या बरोबरीनं येत त्यानं विचारलं, “कुठं निघालाय?”

“महाबळेश्वर.”

त्यानं आठही सायकली नीट पाहून घेतल्या. मग हळहळून म्हणाला, “का? गाडी बंद पडली का?” आणि पुढं निघून गेला.

नीरा ओलांडून शिरवळला पोचलो. जिल्हा बदलला, पाऊस तोच. हवेत वीस-बावीस अंश असतील; युरोपातला माणूस याला उन्हाळा म्हणेल. पण पाणी अंगातली ऊब हवेच्या सुमारे 25 पट वेगानं ओढून घेतं, त्यावर वारा लागतो, आणि मग आकड्यांना काही अर्थ उरत नाही. थंडीचा पहिला घाव बोटांवर पडतो. हेल्मेटचा बक्कल कुणालाच काढता येईना, म्हणून आम्ही हेल्मेट घालूनच चहा प्यायलो. केळ्याचं देठ चिमटीत धरवेना. बँकेत मोठ्या हुद्द्यावर असलेल्या माझ्या एका मित्रानं केळं दोन्ही तळव्यांमध्ये दाबून धरलं, दातांनी साल ओढली आणि आजूबाजूला कुणी खातेदार नाही ना, हे पाहून घेतलं.

खंबाटकीच्या चढावर डॉक्टरांचं मागचं चाक पंक्चर झालं. त्या दिवसातला तो सर्वांत आनंदाचा क्षण. आम्ही सातही जण लगबगीनं थांबलो, भोवती जमलो आणि ‘अरेरे’ म्हणालो. प्रत्येकाच्या मनात एकच हिशोब: ओल्या ट्यूबला सोल्युशन धरत नाही, म्हणजे राइड इथंच संपणार, आणि तीही कुणाच्या माघारीमुळे नव्हे, तर तांत्रिक कारणानं! डॉक्टरांचा चेहरा तर उजळलाच होता. तेवढ्यात काकांनी पिशवीतून कोरी ट्यूब काढली. सात जणांनी त्यांच्याकडे जसं पाहिलं, तसं त्यांच्याकडे त्यांच्या सुनेनंही कधी पाहिलं नसेल.

घाटमाथ्यावरच्या टपरीत डॉक्टरांनी सगळ्यांचा धीर वाढवण्यासाठी एक कथा सांगितली. 5 जून 1988. इटलीची जिरो शर्यत, गाव्हिया नावाची खिंड आणि भर जूनमध्ये बर्फ. अँडी हॅम्पस्टन हा अमेरिकन त्या बर्फातून पार झाला, त्या दिवशी त्याला आघाडीची गुलाबी जर्सी मिळाली आणि पुढं शर्यतही त्यानंच जिंकली. कथा ऐकून कुणाचाही धीर वाढल्याचं दिसलं नाही. मग डॉक्टर ओघात म्हणाले, की खिंडीच्या माथ्यावर सर्वांत आधी पोचला होता तो योहान व्हान डेर वेल्डे हा डच गडी. उघड्या हातांनी चढला, पण उतारावर इतका गारठला, की ऊब घ्यायला थांबला आणि पाऊण तासाहून जास्त मागं पडला. या माणसाविषयी मात्र आम्ही खूप प्रश्न विचारले. कुठं थांबला? आत चूल होती का? प्यायला काय दिलं? एकूण ग्रुपचा आदर्श कोण, ते तिथंच ठरून गेलं.

उतारावर वारा लागू नये म्हणून जर्सीच्या आत वर्तमानपत्र कोंबायचं, ही सायकलपटूंची जुनी युक्ती. टपरीवाल्यानं भजी बांधण्याच्या गठ्ठ्यातून प्रत्येकाला चार-चार पानं दिली. काकांनी अग्रलेखाचं पान मागून घेतलं. त्यानं वारा अडतो, असं त्यांचं म्हणणं. मग उतार. ओल्या रिमवर ब्रेक दाबला, की आधी काहीच होत नाही. रबर पहिल्यांदा पाणी पुसून काढतं, मग ब्रेक विचार करतो आणि मग लागतो. तेवढ्या वेळात कुलदैवतापासून विम्याच्या हप्त्यापर्यंत सगळं आठवून होतं.

वाईत ढोल्या गणपतीला लांबूनच हात जोडले. याच गावातून मराठी विश्वकोशाचं काम चालतं. इतकं ज्ञान एका गावात गोळा झालेलं असताना आम्ही ते डावीकडे-उजवीकडे टाकून पसरणीच्या चढाला लागलो.

पसरणीत धुकं उतरलं होतं. पुढच्या वळणापेक्षा मागच्या ट्रकचा हॉर्न जास्त स्पष्ट. आणि तिथं, अर्ध्या घाटात, एक रिकामा टेम्पो आमच्या बाजूला येऊन थांबला. काच खाली झाली. “या की वर,” ड्रायव्हर म्हणाला. “सायकलीबी बसतील. पैशाचं बघू नंतर.”

आत ताडपत्री होती. कोरडी. ती मी पाहिली. सगळ्यांनीच पाहिली. आम्ही एकमेकांकडे बघितलं. डॉक्टर म्हणाले, “माझं काही नाही.” काका म्हणाले, “तुम्ही म्हणाल तसं.” कुणीतरी नाक ओढलं. ड्रायव्हर बिचारा एकेकाच्या तोंडाकडे बघत होता. शेवटी ॲडमिन दात वाजवत म्हणाला, “नको दादा, आम्ही हौसेनं चाललोय.” ड्रायव्हरनं सहानुभूतीनं मान हलवली आणि काच वर केली.

महाबळेश्वरला पोचलो तेव्हा अंधारून आलं होतं. इथली माणसं पावसाळ्यापूर्वी घरांच्या भिंतींना बाहेरून गवताच्या झड्या बांधतात. आता काही ठिकाणी प्लॅस्टिकही दिसतं. दगडी भिंतींनासुद्धा इथं आडोसा लागतो, हे बघून आमच्या विंडचीटरांना काय वाटलं असेल! खोलीत कपडे काढल्यावर कळलं, की वर्तमानपत्राचा पार लगदा झालाय आणि शाई अंगावर उतरलीय. डॉक्टरांच्या पोटावर उलट्या अक्षरांत, पण ठळकपणे, ‘प्रशस्त जागा भाड्याने देणे आहे’ असं उमटलेलं आरशात सगळ्यांनी वाचलं.

जरा ऊब आल्यावर काका हळूच म्हणाले, “खरं सांगू? टेम्पोत बसायला मी तयारच होतो. पण तुम्ही सगळे इतके उत्साही…” डॉक्टर म्हणाले, “मीही.” बँकवाला म्हणाला, “मी तर एक पाय उचलला होता.” ॲडमिन बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “मी पहाटे ‘थांबेल’ लिहिलं, ते राइडबद्दल होतं.”

परतीचा विषय निघाला आणि पुन्हा तीच शांतता. एवढ्यात ग्रुपमध्ये नव्यानंच आलेला, दिवसभर ‘हो काका, हो सर’ याखेरीज काही न बोललेला इंजिनिअरिंगचा मुलगा उठला आणि म्हणाला, “मी उद्या सायकल चालवणार नाही. टेम्पो सांगतोय. कुणाला यायचं असेल तर या.”

टाळ्या तेवढ्या वाजवायच्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी टेम्पोतच, वाईच्या अलीकडे, आम्ही एकमतानं त्याला ॲडमिन केलं. तेव्हापासून पावसात राइड होत नाहीत. थंडीत तो ‘धुकं आहे’ लिहितो, उन्हाळ्यात ‘ऊन आहे’. ग्रुप झकास चाललाय. आणखी बारा जण सामील झालेत.